साठ, वीस, पंधरा, सोळा

मी ज्या लॅबमध्ये काम शिकले तिथे वीर्यतपासणीच्या छापील फॉर्मवर उजव्या रकान्यात एक ओळ कायमची असे: नॉर्मल 60 ते 150 दशलक्ष प्रति मिलि. डावीकडे शाईनं पेशंटचा आकडा लिहायचा. तो 38 आला की ‘कमी’. कुणी कुणाला काही समजावून सांगत नसे, कागदच निकाल देऊन मोकळा होई. पुढे साताऱ्यात स्वतःची लॅब काढली तेव्हा छापखान्यातून तोच मजकूर जुळवून आला, कारण आसपासच्या लॅबचे फॉर्म तिथे तसेच छापले जात होते. मी ती ओळ कोरी ठेवायला सांगितली. त्या 60 ची जन्मकथा तोवर वाचनात आली होती आणि ती वाचल्यावर तो आकडा डोळे झाकून छापणं मला जमेना.

तो 60 आला बॉस्टनहून. 1929 साली डोनाल्ड मॅकोंबर आणि मॉरिस सँडर्स या दोघांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख लिहिला. शुक्राणूंची मोजणी वंध्यत्वाच्या निदानात आणि उपचारात किती उपयोगी पडते, हा त्याचा विषय. रक्तपेशी मोजायची काचेची पट्टी आणि पिपेट तेव्हा हॉस्पिटलांत रुळली होती. त्यांनी तीच साधनं वीर्यासाठी वापरली, काही शे नमुने मोजले, आणि मिलिलिटरला 60 दशलक्षांच्या वर आकडा असेल तर गर्भ राहण्याची आशा चांगली, असा निष्कर्ष काढला. त्यापूर्वी डॉक्टर नमुना मायक्रोस्कोपखाली बघून ‘भरपूर’, ‘मोजकेच’, ‘नाहीत’ एवढंच लिहीत. या दोघांमुळे कागदावर संख्या आली. काम मोलाचं होतं, पण बॉस्टनच्या एका दवाखान्यात आलेल्या त्या मोजक्या माणसांवरून पडलेला आकडा पन्नास वर्षांनंतर कोरेगाव-पाटणच्या पुरुषांना लावला जात होता, आणि का, हे कुणी विचारत नव्हतं.

मोजायची पद्धत मी त्याच वळणाची शिकले. रुंद तोंडाच्या बाटलीत नमुना यायचा. ताजं वीर्य घट्ट गोळ्यासारखं असतं, पंधरा-वीस मिनिटांपासून तासाभरात ते आपोआप पातळ होतं, तोवर थांबायचं. मग पांढऱ्या पेशींच्या पिपेटमध्ये 0.5 च्या खुणेपर्यंत वीर्य आणि 11 च्या खुणेपर्यंत खाण्याचा सोडा, फॉर्मॅलिन आणि पाणी यांचं द्रावण ओढायचं. फॉर्मॅलिननं शुक्राणू मरून जागच्या जागी थांबतात, म्हणून मोजता येतात. ते न्यूबॉवर चेंबरमध्ये भरून मधल्या पंचवीसपैकी पाच चौकोनांतली डोकी मोजायची. या हिशेबाची गंमत अशी की पाच चौकोनांत मिळून जितके दिसतील तितकेच दशलक्ष मिलिलिटरला. वीस दिसले तर वीस दशलक्ष. इतकं सोपं, आणि म्हणूनच धोक्याचं. त्याच बाटलीतला दुसरा थेंब भरला तर वीसच्या जागी 14 दिसतील किंवा 27 दिसतील. यात टेक्निशियनचा दोष नाही, थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधण्याचा तो धर्मच आहे. म्हणून आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की दोनदा वेगवेगळं भरा आणि प्रत्येक वेळी किमान 200 शुक्राणू मोजा. घाईच्या लॅबमध्ये हे होत नाही. 14 आणि 20 या दोन आकड्यांमध्ये ज्या घरात रडारड झाली, तिथे कित्येकदा फरक फक्त थेंबाचा होता.

मोजायची सुरुवात मात्र बॉस्टनच्या बरीच आधीची. 1677 साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी आंतोनी फान लेवेनहूक या कापडविक्रेत्याकडे लायडनचा एक वैद्यकीचा विद्यार्थी, योहान हॅम, परमा झालेल्या माणसाचा स्राव घेऊन आला. त्यात शेपटीवाले जिवंत प्राणी दिसतात, आणि ते रोगामुळे झाले असावेत, असं त्याचं म्हणणं. लेवेनहूकनं निरोगी वीर्यात तेच पाहिलं. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्राउंकर यांना लिहिलेल्या पत्रात त्यानं आवर्जून कळवलं की आपला नमुना कुठल्याही पापकर्मातून मिळवलेला नाही, विवाहित संबंधानंतर उरलेला आहे आणि नाडीचे सहा ठोके पडायच्या आत तपासलेला आहे. विद्वानांना किळस येणार असेल तर पत्र खुशाल नष्ट करा, असंही त्यानं लिहिलं. ते प्राणी इतके बारीक की दहा लाख एकत्र केले तरी वाळूच्या एका मोठ्या कणाएवढे भरणार नाहीत, हा त्याचा अंदाज. दोन वर्षांनी त्यानं कॉड माशाच्या वीर्याचा हिशेब मांडला: एका माशात पंधरा हजार कोटी, आणि साऱ्या पृथ्वीवर माणसं मावतील फार तर तेराशे अडतीस कोटींच्या आसपास. त्या वेळी पृथ्वीवर माणसं याच्या कितीतरी कमी होती. पण एका जिवाच्या बीजाची संख्या कागदावर उतरवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न, आणि तो एका कापडविक्रेत्यानं केला याचं मला फार अप्रूप वाटतं. कापडातले धागे मोजायच्या भिंगाचीच त्याला सवय होती.

त्यानंतर दीडशे वर्षं या प्राण्यांचं नेमकं काम काय, यावरच वाद चालला. इटलीत स्पालान्झानीनं बेडकाचं वीर्य गाळून पाहिलं. गाळलेल्या पाण्यानं अंडी फळली नाहीत, गाळण्यावर उरलेल्या साक्यानं फळली. उत्तर हातात होतं, तरी त्यानं स्वतः ते मानलं नाही. 1824 साली प्रेव्हो आणि द्यूमा यांनी तोच प्रयोग नेटानं करून शुक्राणूंनाच श्रेय दिलं, आणि 1876 मध्ये ऑस्कर हर्टविगनं समुद्री साळिंदराच्या अंड्यात शुक्राणूचं केंद्रक मिसळताना डोळ्यांनी पाहिलं.

दवाखान्यात हे ज्ञान आणलं अमेरिकेच्या जे. मॅरियन सिम्सनं. मूल न होणाऱ्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाचा चिकट स्राव संबंधानंतर घेऊन त्यात जिवंत शुक्राणू आहेत का, हे तो मायक्रोस्कोपखाली पाही. 1866 च्या त्याच्या पुस्तकात हे सगळं आहे. त्याच्यावर अश्लीलतेच्या अंगानं टीका झाली. या माणसाचं नाव घेताना मला नेहमी आणखी तीन नावं घ्यावीशी वाटतात: अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी. अलाबामातल्या या गुलाम स्त्रियांवर त्यानं भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या आणि त्यातून आपलं कसब मिळवलं. त्याच्या वंध्यत्वाच्या तपासणीतही एक गोष्ट लक्षात घ्यावी अशी आहे: शोध पुरुषाच्या बीजाचा, पण टेबलावर झोपवली जाई बायको. 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्स ह्यूनरनं हीच चाचणी पक्की बसवली, आणि पुढची कित्येक दशकं नवऱ्याला हात न लावता नवऱ्याची परीक्षा होत राहिली.

आपल्याकडे ग्रंथ आणि वहिवाट यांच्यात मोठं अंतर होतं. सुश्रुत आणि चरक या दोन्ही संहितांत दूषित शुक्राचे आठ प्रकार सांगितले आहेत. शुद्ध शुक्र कसं असावं याचं वर्णन आहे: रंग, वास, चिकटपणा, घनता. म्हणजे पुरुषाच्या बीजात दोष असू शकतो, हे वैद्यकानं स्वच्छ मानलं होतं. पण घरात ते कुणी मानलं नाही. मूल झालं नाही की दुसरी करायची. दुसरीलाही दिवस गेले नाहीत तर तिसरी. दोन-दोन बायकांची कूस उजवत नाही, याचा अर्थ लावणं अवघड नव्हतं, पण तो लावायची कुणाची छाती नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा 1946 साली आला, म्हणजे बॉस्टनच्या त्या लेखानंतर सतरा वर्षांनी. त्याआधी लग्न झालेल्या सवती माझ्या लॅबमध्ये म्हाताऱ्या होऊन साखर तपासायला येत. एकीनं मला सांगितलं होतं, ‘‘बाई, आमी दोघी वांझ आन् त्यो तेवडा देवमाणूस.’’ ती हे हसून म्हणाली नव्हती.

मी ज्या गावात लॅब चालवली त्या साताऱ्याचं राज्यच 1848 साली औरस वारस नाही, दत्तक मान्य नाही, या सबबीवर कंपनी सरकारनं खालसा केलं. वारसाच्या प्रश्नावर राज्य जातं हे पाहिलेल्या मुलखात मूल होणं ही खासगी बाब कधीच नव्हती. या गोष्टींवर मराठीत उघड बोलायची हिंमत केली ती र. धों. कर्व्यांनी. 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलेला हा गणिताचा प्राध्यापक 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होता. वाचक त्यात शरीराविषयीचे प्रश्न पाठवत आणि कर्वे सरळ उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड भरला, मासिक चालूच ठेवलं. त्या वाचकांच्या नातवंडांच्या वयाची मुलं माझ्याकडे येत आणि तेच विचारत: धातू पातळ झालाय, आता मूल होईल का? मी सांगे की पातळ-घट्ट यावरून शुक्राणूंची संख्या कळत नाही. पाण्यासारख्या नमुन्यात ऐंशी दशलक्ष असतात आणि दाट पांढऱ्या नमुन्यात एकही नसतो. डोळ्यांनी दिसणाऱ्या रंगा-घनतेचा भरवसा आपल्या मनातून अजून गेलेला नाही.

60 ला पहिला मोठा धक्का 1951 मध्ये बसला. न्यूयॉर्कचे जॉन मॅक्लाउड आणि रूथ गोल्ड यांनी एक साधी गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. ज्यांच्या बायका गरोदर आहेत अशा एक हजार पुरुषांचं वीर्य तपासलं आणि मूल न होणाऱ्या एक हजार लग्नांतल्या पुरुषांचं तपासलं. दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या. तेव्हा दिसलं की 60 च्या खालचे पुष्कळ जण बाप झालेले आहेत. फरक ठळक होतो तो 20 च्या खाली. बाप होणाऱ्यांत 20 दशलक्षांखालचे साधारण 5 टक्के, मूल न होणाऱ्यांत सुमारे 16 टक्के. यातून 20 ही रेघ जगभर रूढ झाली. मला मात्र त्यातलं दुसरं वाक्य अधिक महत्त्वाचं वाटतं, जे फॉर्मवर कधीच छापलं गेलं नाही: हजारातले पन्नास बाप 20 च्या खाली होते, आणि मूल न होणाऱ्या हजार लग्नांतल्या आठशेंहून अधिक पुरुषांचा आकडा 20 च्या वर होता. म्हणजे या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन्ही प्रकारची माणसं उभी आहेत.

1972 साली जागतिक आरोग्य संघटनेनं मानवी प्रजननावरच्या संशोधनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळा एकाच नमुन्याला वेगवेगळे आकडे देत असतील तर तुलना कशी करायची? म्हणून 1980 मध्ये तपासणीची पुस्तिका निघाली. तिच्या पुढच्या आवृत्त्या 1987, 1992, 1999, 2010 आणि 2021 मध्ये आल्या. संख्येची रेघ दीर्घकाळ 20 वरच राहिली. आकाराची मात्र कोसळली. 1987 मध्ये निदान 50 टक्के शुक्राणू सुबक हवेत असं मानत. 1992 मध्ये 30 टक्के. दरम्यान दक्षिण आफ्रिकेच्या थिनस क्रूगरनं अतिशय कडक निकष आणले: डोकं अंडाकृती, मापात, मान सरळ, शेपटी एकच, जरा शंका आली तरी तो शुक्राणू ‘असुबक’ धरायचा. या कसोटीनं 2010 मध्ये रेघ 4 टक्क्यांवर आली.

या 4 टक्क्यांनी जेवढी घरं हादरवली तेवढी दुसऱ्या कुठल्या आकड्यानं नाही. रिपोर्टवर लिहिलेलं असतं: नॉर्मल फॉर्म्स 4, अ‍ॅबनॉर्मल 96. एक शिक्षक तो कागद घडी घालून खिशात ठेवून तीन दिवस फिरत होते, बायकोला दाखवला नव्हता. मला म्हणाले, ‘‘मॅडम, शंभरातले शहाण्णव खराब, मग उरलं काय?’’ मी त्यांना सांगितलं की निरोगी बापांचे रिपोर्टही असेच येतात. कसोटी कडक झाली आहे, तुमचं बीज बिघडलेलं नाही. 96 हा आकडा ज्यानं लिहिला त्यानं त्याच्याखाली एवढी एक ओळ लिहिली असती तर त्या माणसाचे तीन दिवस वाचले असते. लॅबवाल्यांवर माझा खरा राग याच गोष्टीचा आहे.

2010 च्या आवृत्तीनं रेघ कशी काढायची याची पद्धतच बदलली. ज्यांच्या जोडीदाराला प्रयत्न सुरू केल्यापासून बारा महिन्यांत दिवस गेले अशा सुमारे 1,950 पुरुषांचे आकडे चढत्या क्रमानं लावले आणि खालून 5 टक्क्यांवर जो आकडा आला ती खालची मर्यादा धरली. वीर्य 1.5 मिलि, संख्या मिलिलिटरला 15 दशलक्ष, एकूण 39 दशलक्ष, हालचाल करणारे 40 टक्के, पुढे सरकणारे 32 टक्के. हे पुरुष युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले होते, भारतातला त्यात कुणी नव्हता. 2021 मध्ये चीन, इराण, इजिप्त, इटली, ग्रीस इथले आकडे मिळवून साडेतीन हजारांहून अधिक पुरुष झाले. तेव्हा मर्यादा थोड्या हलल्या: 1.4 मिलि, 16 दशलक्ष, एकूण 39 दशलक्षच, हालचाल 42 टक्के, पुढे सरकणारे 30 टक्के.

आता हे आकडे नीट वाचा. ते सगळे बापांचे आहेत. वंध्य माणूस त्या यादीत एकही नाही. शंभर बापांपैकी पाच बाप या मर्यादेच्या खाली आहेत, म्हणूनच तर ती मर्यादा तिथे पडली. दहावीच्या गुणपत्रिकेवरचा 35 जसा पास-नापास ठरवतो तसं 16 काही ठरवत नाही. 2001 साली अमेरिकेत डेव्हिड गझिक आणि सहकाऱ्यांनी मूल असलेल्या आणि नसलेल्या जोडप्यांची तुलना केली होती. संख्या 13.5 दशलक्षांखाली असेल तर मूल होण्यात अडचण संभवते, 48 च्या वर असेल तर क्षमता चांगली धरावी, आणि मधल्या पट्ट्यात काहीच ठामपणे सांगता येत नाही, असं त्यांनी लिहिलं. हा मधला पट्टा 13.5 पासून 48 पर्यंत पसरलेला आहे आणि माझ्याकडे आलेले असंख्य पुरुष त्यातच होते. त्यांना ‘माहीत नाही, बायकोच्या तपासण्यांबरोबर मिळून बघू’ हे उत्तर द्यायला डॉक्टरच्या अंगी धीर लागतो.

फक्त शून्याची गोष्ट वेगळी. शून्य म्हणजे शून्य, पण तेही एका तपासणीवर नाही. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून तळाचा साका पाहायचा आणि काही दिवसांनी दुसरा नमुना तपासायचा. आणीबाणीत नसबंदी झालेल्यांचे, आणि त्यानंतरही नसबंदी करून घेतलेल्यांचे नमुने तपासताना शून्य येणं ही सुटका असे. त्याच टेबलावर, त्याच दिवशी, दुसऱ्या माणसाचं शून्य त्याचं जग बुडवणारं असे. मग शोध सुरू होई: शून्य कशामुळे? बीज तयारच होत नाही की वाट बंद आहे? केंब्रिजमध्ये थॅडियस मान यांनी 1946 मध्ये दाखवलं की वीर्यातली साखर ही फ्रुक्टोज असते आणि ती शुक्राशयातून येते. त्यामुळे रिसॉर्सिनॉल आणि आम्ल घालून नळी गरम केली आणि तांबूस रंग आला नाही, वीर्यही थोडंच आणि आम्लधर्मी असलं, तर शुक्राशय जन्मतःच नसण्याची किंवा पुढची नळी बंद असण्याची शक्यता मोठी. रंग आला तर अडथळा अलीकडे असेल, नाही तर वृषणातच. तेव्हा रक्तातलं एफएसएच हे संप्रेरक बघायचं. इतकी साधी चाचणी, परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा एवढंच लागतं, आणि ती कित्येक शून्याच्या रिपोर्टवर केलेलीच नसते.

चेहऱ्यावर देवीचे वण असलेला पुरुष शून्याचा रिपोर्ट घेऊन आला की मी थबकत असे. मुंबईचे डॉ. ए. एम. फडके आणि त्यांचे सहकारी यांनी 1973 साली दाखवून दिलं होतं की देवी येऊन गेलेल्या पुरुषांत शुक्राणूंची वाट बंद झाल्यानं शून्य येण्याचं प्रमाण मोठं आहे. देवी वृषणाच्या कडेच्या बारीक नळ्यांत घर करून जाते, आणि लहानपणी बरा झालेला मुलगा पंचवीस वर्षांनी लॅबच्या बाकावर बसतो. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 चा. त्यामुळे हे कारण आता डोळ्यांसमोरून गेलं आहे आणि नव्या पिढीच्या डॉक्टरांना ते पुस्तकातही क्वचित भेटतं. पण मुंबईत बसून, आपल्या माणसांचे नमुने पाहून, आपल्या मातीतला आजार आणि शून्य यांची गाठ घालून देणारं ते काम माझ्या लेखी मोठं आहे.

बाटलीत काय आलं यापेक्षा कसं आलं, हे मी आधी विचारी. पहिला अंश सांडला का? शुक्राणूंचा मोठा वाटा पहिल्याच थेंबांत असतो, तो सांडला तर उरलेल्याचा आकडा खोटा. कंडोममधून आणला का? मग त्यातल्या औषधानं मेलेले शुक्राणू पाहून कुणाला दोष द्यायचा? आधी किती दिवस संबंध नव्हता? दोन ते सात दिवस बरे, महिनाभर नव्हे. गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता का? बीज तयार व्हायला सुमारे 72 ते 74 दिवस लागतात, म्हणून मे महिन्यातल्या टायफॉइडचा हिशेब जुलैत चुकता होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेच्या जुन्या आवृत्तीत एकाच माणसाचा 120 आठवड्यांचा आलेख छापलेला होता. नमुने त्याच माणसाचे, पण आकडा कधी आभाळाला तर कधी तळाला. अलीकडे नवा प्रश्न विचारावा लागतो: व्यायामशाळेत इंजेक्शन घेतोस का? स्नायूंसाठी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू बनवणाऱ्या कारखान्याचं बटणच बंद करतं. दंड भरदार आणि काउंट शून्य, अशी पंचविशीतली पोरं मी पाहिली. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने जातात.

जावळी-पाटणकडची जोडपी यायची तेव्हा आणखी एक प्रश्न असे, जो कुठल्याच फॉर्मवर नाही. नवरा मुंबईत माथाडी, खोलीत आठ-दहा जण, बायको गावी सासू-सासऱ्यांपाशी. तो येणार गणपतीत आणि शिमग्याला. रिपोर्ट उत्तम: 70 दशलक्ष, हालचाल 60 टक्के. लग्नाला चार वर्षं, आणि सासू म्हणते सुनेत दोष. मी त्या सासूला एकदा विचारलं, ‘‘आजी, चार वर्षांत ही दोघं किती दिवस एका छपराखाली होती?’’ आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘व्हय की.’’ पुढच्या खेपेला सून मुंबईला गेलेली होती.

1986 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि सगळीकडे टेस्ट ट्यूबचं नाव झालं. 1992 मध्ये ब्रुसेल्सहून एकच शुक्राणू सुईनं अंड्यात सोडायची पद्धत, इक्सी, आली. ज्यांच्या बाटलीत मोजके पाच-दहा शुक्राणू आहेत त्यांनाही बाप होता येऊ लागलं. हे मोठं काम झालं. पण त्यातून एक वाईट सवय लागली: पुरुषाचा रिपोर्ट कमी आला की कारण न शोधता थेट इक्सीकडे पाठवायचं. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, ताप, इंजेक्शनं, काम करायच्या जागेची उष्णता, तंबाखू, मधुमेह यांतलं काहीच तपासायचं नाही, आणि लाखांचा खर्च आणि सगळी इंजेक्शनं पुन्हा बाईच्या वाट्याला. तिला आधी क्युरेटिंग, मग पोटात दुर्बीण, मग नळ्यांचा फोटो, आणि एवढं सगळं झाल्यावर कुणीतरी म्हणतं, मिस्टरांचं पण एकदा करून घ्या. हा क्रम मी आयुष्यभर पाहिला आणि तो मला कधीच मान्य झाला नाही.

म्हणून जे कुणी या वाटेवर आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नसतील, किंवा बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असून सहा महिने झाले असतील, तर दोघांची तपासणी एकाच दिवशी सुरू करा. नवऱ्याची तपासणी सर्वांत स्वस्त आणि विनादुखापतीची आहे, तिला शेवटी ठेवू नका. पहिला रिपोर्ट कमी आला तर घरात कुणालाही सांगायच्या आधी दुसरा करून घ्या, आणि मधे ताप आला असेल तर तीन महिन्यांनी करा. लॅबमध्ये विचारा की किती शुक्राणू मोजले, नमुना किती वेळात पाहिला, आणि शून्य आलं तर साका पाहिला का, फ्रुक्टोज केलं का. ज्या लॅबला या प्रश्नांचा राग येईल तिथून उठून दुसरीकडे जा.